पावाच्या वेशीतली उलटी चाल

परीक्षेच्या दिवशी सकाळी पावणेआठला शहराची गाइड बोहदाना विकिदालोवा पावाच्या वेशीतून उलटी चालत शहरात शिरत होती. कुणी ओळखू नये म्हणून तिने मफलर नाकापर्यंत ओढून घेतला होता. ह्रानोवमध्ये या वेशीतून उलटं चालण्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. विद्यार्थी चालत, टॅक्सीवाले चालत, महापौर तर दर वर्षी अंदाजपत्रकाच्या आधी सगळ्यांच्या देखत चालत. पण बोहदानाला लाज वाटायलाच हवी होती, कारण ही सगळी भानगड सव्वीस वर्षांपूर्वी तिनेच आपल्या मनाने रचली होती.

वेशीच्या मधोमध, जिथे उजेड कमी, तिथे तिची पाठ कुणाच्या तरी पाठीवर आदळली.

"माफ करा हं!" ती म्हणाली.

"नाही, नाही, चूक माझीच," पाठ म्हणाली.

दोघं वळली. समोर डॉक्टर ताद्याश कोउबा उभा होता. चौतिशीचा, काटकुळा, इतिहासाचा डॉक्टर, गळ्यात नवाकोरा बिल्ला, आणि आजच्या परीक्षेत बोहदानाचा परीक्षक. तोही उलटाच चालत होता, फक्त आतून बाहेर.

"मी वेशीची लांबी मोजतोय," डॉक्टर घाईघाईने म्हणाला. "पावलांनी."

"उलट्या?"

"तशी जास्त अचूक येते."

"मीही लांबीच मोजत होते," बोहदाना म्हणाली. "किती भरली तुमची?"

"अजून निम्मीच झालीय."

"माझीही."

मग दोघांनी एकमेकांना अदबीने मान लववली, आणि दोघंही शहाण्या माणसांसारखी सरळ चालत आपापल्या वाटेने गेली.

झालं होतं असं. सव्वीस वर्षांपूर्वी एका मंगळवारी चर्चचा किल्लीवाला चर्चची किल्ली खिशात घालून रानात मश्रूम वेचायला गेला. इकडे बोहदानाच्या हाती प्रेरोवच्या निवृत्त रेल्वेवाल्यांचा गट, बाहेर रिपरिप पाऊस, आणि काढायची होती बारा मिनिटं. ती सगळ्यांना घेऊन जवळच्या वेशीत आडोशाला उभी राहिली. वेस अगदीच साधी होती. तिथे कुणी जन्मलं नव्हतं, कुणाचं डोकं उडवलं नव्हतं. पाच मिनिटं ती दगडांविषयी बोलली. मग दगड संपले. बत्तीस म्हातारे तोंडाकडे बघत होते. आणि बोहदानाच्या तोंडातून आपोआप निघालं, "इथेच ती अपोलेना उलटी चालली!"

स्वीडिश सैन्याने शहर बळकावलं होतं तेव्हाची गोष्ट, ती म्हणाली. हुकूम असा, की शहरातून बाहेर जायचं त्याने खुशाल जावं, पण आत कुणी यायचं नाही. आत लोक उपाशी. अपोलेना ही बेकरीवाल्याची विधवा. ती रोज पावांची टोपली घेऊन बाहेरच्या खेड्यातून यायची आणि वेशीतून पाठमोरी आत शिरायची. पहाऱ्यावरचा शिपाई प्यायलेला. त्याला तिचं तोंड बाहेरच्या दिशेला दिसायचं, म्हणजे बाई चालली बाहेर. जाऊ दे! अशी ती अख्खा हिवाळा आत येत राहिली. तेव्हापासून या वेशीतून जो उलटा चालत शिरेल त्याला वर्षभर कुणी अधिकारी अडवत नाही.

हे शेवटचं वाक्य बोलायची काही गरज नव्हती. पण माणूस एकदा रंगात आला की थांबतो कुठे! बत्तीसच्या बत्तीस म्हातारे उलटे चालले, आणि तेवढ्यात किल्लीवाला मश्रूमची टोपली घेऊन आला.

दुसऱ्या आठवड्यात तीच गोष्ट दुसऱ्या गाइडने सांगितली. वर्षभरात सगळेच सांगू लागले. अपोलेनाला चार मुलं झाली. मग एक बदक आलं. बदकाचं कानावर आलं तेव्हा बोहदाना दोन दिवस घुश्शात होती, कारण बदक तिचं नव्हतं. नगरपालिकेने वेशीत भिंतीला कठडा बसवला. वेशीच्या आतल्या टोकाला एका दाताच्या डॉक्टरणीने दवाखाना थाटला आणि पडणाऱ्यांच्या जिवावर तो जोरात चालला. पोस्टमन सरळ चालत आला, तर म्हाताऱ्या त्याच्याकडे अशा बघत, जणू तो चर्चमध्ये शीळ घालतोय.

आणि यंदा नगरपालिकेने गाइड लोकांची समिती नेमली. गाइड वाटेल ते सांगतात अशी तक्रार होती, आणि ती खरीच होती. एकाच मनोऱ्यावरून तीन वेगवेगळे राजपुत्र उड्या मारत होते. समितीने चव्वेचाळीस पानांचं प्रमाणित पुस्तक छापलं. त्यातलंच सांगायचं. प्रत्येक गाइडने खरा गट घेऊन परीक्षा द्यायची, शंभरातले ऐंशी गुण मिळाले तर बिल्ला राहणार, नाहीतर समिती काढून घेणार. बिल्ला गेला तर अठ्ठावन्नाव्या वर्षी बोहदानाला एकच काम मिळण्यासारखं होतं: संग्रहालयाच्या दारात बसून पाहुण्यांना बुटांवर चढवायच्या लोकरी चपला वाटणं. ते काम करणाऱ्या बाईला तिने पाहिलं होतं. ती बाई दिवसभरात पायाचं माप विचारत फक्त "चव्वेचाळीस?" आणि "पंचेचाळीस?" एवढंच बोलायची.

पुस्तकाच्या चौदाव्या पानावर अपोलेना होती, सतराव्या शतकापासूनची, बदकासकट. लेखक डॉक्टर ताद्याश कोउबा. या थांब्याला दहा गुण. बोहदानाने ते पान पाठ केलं. एवीतेवी सव्वीस वर्षं खोटं सांगतोय, आता छापील खोटं सांगायचं, त्यात काय एवढं!

नऊ वाजता चौकात गट आला. एकोणतीस माणसं, पुन्हा प्रेरोवचे निवृत्त रेल्वेवालेच. सगळ्यांनी घरून पावात घालून आणलेली तळलेल्या मांसाची श्निट्झेलं बस सुटल्याबरोबर खाऊन टाकली होती, त्यामुळे सगळे तृप्त आणि सुस्त होते. पुढे होते हुबर्ट दोलेझाल, वय एक्याऐंशी, अडतीस वर्षं गाडीतला तिकीट तपासनीस, अजूनही समोरच्या माणसाकडे असं बघायचे की त्याचा हात खिशाकडे जावा. त्यांच्या शेजारी काठी टेकत बायको मिलुशा, खुब्याचं ऑपरेशन होऊन तीन महिने झालेली.

बोहदानाने तिची ती लांब लाकडी पळी वर केली. इतर गाइड छत्री धरत, ती पळी धरायची. डॉक्टर कोउबा वही घेऊन मागे उभा राहिला, आणि निघाली वरात.

सुरुवात बरी झाली. मनोऱ्याच्या पायऱ्या तिने एकशे चौऱ्याण्णव सांगितल्या, पुस्तकात एकशे त्र्याण्णव होत्या. दोन गुण गेले. कारंज्यातल्या माशाच्या तोंडात पळी घालून दाखवली, तीन गेले. एका आजोबांनी मध्येच "स्वच्छतागृह कुठाय?" विचारलं आणि तिने पुस्तक सोडून उत्तर दिलं, एक गेला.

"अहो, पण ते पुस्तकात नाहीच आहे!" ती म्हणाली.

"म्हणूनच," डॉक्टर म्हणाला.

असे करत करत पावाच्या वेशीपाशी येईपर्यंत अकरा गुण उडाले. एकोणनव्वद राहिले. पुढे नुसतं पाठ केलेलं पान म्हणायचं होतं.

तिने ते म्हटलं. स्वीडिश सैन्य, हुकूम, विधवा, चार मुलं, दात आवळून बदकसुद्धा. लोक खूश झाले. डॉक्टर मान डोलावत होता. मग सगळे वेशीच्या बाहेरच्या तोंडाशी जमले, पाठ फिरवून उभे राहिले, आणि सगळ्यांत पुढे मिलुशाबाई काठी हुबर्टच्या हातात देऊन कठड्याला धरून तयार.

"मिलुशाबाई, तुम्ही कुठे?" बोहदाना दचकली.

"उलटी चालतेय, पोरी. गुरुवारी ह्याच्या डोळ्यांची तपासणी आहे. डॉक्टर गाडीचं लायसन्स काढून घेणार म्हणतोय."

"मग त्यांनी चालावं ना!"

"तो चालणारच आहे. मीही चालते. दोघं चाललो तर पक्कं काम होईल."

"अगं, मला दिसतं सगळं!" हुबर्ट म्हणाले.

"हो, सकाळी बसऐवजी दुधाच्या गाडीत चढत होतास."

मिलुशाबाईंनी एक पाय मागे टाकला. खाली गोटे गुळगुळीत झालेले, सव्वीस वर्षांच्या उलट्या पावलांनी. पाय जरा सरकला, म्हातारी लटपटली, कठड्याला लोंबकळली आणि परत सरळ झाली. "काही नाही, काही नाही," म्हणत तिने दुसरा पाय उचलला. बोहदाना पुढे धावली. ही बाई आता पडणार, नवा खुबा मोडणार, आणि कशापायी? तर एका मंगळवारी कुणी किल्ली घेऊन रानात गेला म्हणून.

"थांबा!" ती ओरडली. "नका जाऊ. ही गोष्ट खोटी आहे."

डॉक्टर कोउबाची पेन्सिल थांबली.

"काय म्हणालात?"

"खोटी आहे. अपोलेना नव्हती, टोपली नव्हती, बदक तर नव्हतंच नव्हतं. सव्वीस वर्षांपूर्वी मी इथे उभी राहून बनवली. किल्लीवाला मश्रूमला गेला होता."

"बोहदानाबाई," डॉक्टर खालच्या आवाजात म्हणाला, "पान चौदा. सतराव्या शतकापासून."

"तुम्हाला कुठे सापडलं सतरावं शतक?"

"लोक सांगतात!"

"लोकांना मी सांगितलं!"

डॉक्टर पांढरा पडला. त्याने सहा वर्षं या गोष्टीवर घालवली होती. दप्तरं धुंडाळताना काही मिळालं नाही तेव्हा त्याने लिहिलं होतं, की पुराव्याचा हा अभावच त्या काळच्या भीतीचा पुरावा आहे. त्या वाक्याबद्दल त्याला बक्षीसही मिळालं होतं.

"साफ खोटं बोलते ही बाई!" मागून खणखणीत आवाज आला. हुबर्ट दोलेझाल पुढे आले. "ही गोष्ट तिने बनवली नाही. मी बनवली."

"तुम्ही?"

"मी! सव्वीस वर्षांपूर्वी त्या गटात होतो मी. नवा नवा निवृत्त. पाऊस होता, चर्च बंद होतं. ही बाई दगडांवर बोलून बोलून थकली, तेव्हा मीच तिला म्हटलं, की कुणीतरी उलटं चाललं असणार इथून. अख्ख्या प्रेरोवला ठाऊक आहे. विचारा कुणालाही."

"सांगतात खरे ते," गटातले तीन-चार जण म्हणाले. "दर नाताळला सांगतात."

बोहदानाच्या अंगाचा तिळपापड झाला. क्षणापूर्वी ती ही गोष्ट खोटी म्हणून फेकून द्यायला निघाली होती, आणि आता कुणी ती उचलतोय म्हटल्यावर तिच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. "अहो, तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत! शिपाई प्यायलेला होता हे कुणी म्हटलं? तुम्ही?"

"मीच!"

"टोपलीत काय होतं?"

"पाव!"

"कसले?"

हुबर्ट अडखळले. "गोल."

"लांबट! गोल पाव टोपलीतून घरंगळतात!"

डॉक्टर कोउबाच्या चेहऱ्यावर मात हळूहळू रंग परतू लागला. "थांबा, थांबा. हे तर फारच उत्तम! दोन माणसं, वेगवेगळ्या गावची, एकच गोष्ट आपली म्हणतायत. म्हणजे गोष्ट दोघांच्याही आधीची असणार. हीच लोकपरंपरा!" तो बोहदानाजवळ आला आणि मायेने म्हणाला, "बाई, तुम्ही एवढंच म्हणा, की कुणाकडून तरी ऐकली होती. लहानपणी, आजीकडून, या साहेबांकडून, कुणाकडूनही. मी गुण कापत नाही. एकोणनव्वद. बिल्ला तुमचा."

किती सोपं होतं! एक वाक्य. याहून मोठमोठी खोटी वाक्यं तिने भर पावसात, भर उन्हात, पाचशे-पाचशे वेळा म्हटली होती. तिने तोंड उघडलं आणि ते वाक्य निघेना. आयुष्यात तिने काय काय केलं होतं? मुलगा झाला, त्यात नवऱ्याचा हात होता. घराचे पडदे शिवले, त्यात शेजारीण होती. ख्रिसमसची बिस्किटं आईच्या वहीतली. शून्यातून, एकटीने, स्वतःच्या डोक्यातून काढलेली अशी एकच गोष्ट होती, आणि ती तिची आहे हे सव्वीस वर्षांत तिला कुणालाच सांगता आलं नव्हतं. तिला रडू यायला लागलं आणि त्याचाच तिला राग आला.

"लिहा," ती म्हणाली. "रचणारी, बोहदाना विकिदालोवा."

"मग ती खोटी ठरते, बाई. दहा गुण जातील."

"कापा."

"एकोणऐंशी होतील. एका गुणाने नापास."

"मला वजाबाकी येते."

तिने पळी काखेत धरली, मानेमागे हात नेऊन बिल्ल्याची दोरी सोडली आणि बिल्ला डॉक्टरच्या वहीवर ठेवला. डॉक्टरने तो खिशात टाकला. त्याचीही मान खाली गेली होती.

"हुबर्ट," मिलुशाबाई म्हणाल्या. आवाज अगदी हळू होता, पण हुबर्टनी खांदे पाडले. "त्या दिवशी तू कुठे होतास?"

"गटात."

"बसमध्ये. दोन श्निट्झेलं आणि तीन बिअर पोटात घेऊन झोपला होतास. ही गोष्ट तुला मी येऊन सांगितली. तू म्हणालास, झोपू दे."

"मिलुशा, इतक्या माणसांत..."

"आणि पाव लांबट होते."

हुबर्टनी टोपी काढली, पुन्हा घातली. "बाई," ते बोहदानाला म्हणाले, "गोष्ट तुमचीच. मला आवडली म्हणून मी... मी अडतीस वर्षं लोकांना तिकिटं दाखवा, तिकिटं दाखवा एवढंच म्हणत होतो. माझ्याकडे दुसरं सांगण्यासारखं काही नव्हतं हो." आणि मग, जणू स्वतःवरचा राग कुठेतरी काढायलाच हवा म्हणून, ते ताडकन डॉक्टरकडे वळले. "तुमचं दाखवा!"

"काय?" डॉक्टरचा हात नकळत खिशाकडे गेला.

"परीक्षा घ्यायचा अधिकार. कशावर मिळाला?"

"बिल्ल्यावर. परीक्षक स्वतः बिल्लेधारी लागतो. मी फेब्रुवारीत हीच परीक्षा दिली."

"किती गुण?"

"शहाऐंशी."

"या वेशीत किती?"

"दहापैकी दहा," डॉक्टर म्हणाला. "मी हातवारे करून सांगितली होती."

"आणि गोष्ट खोटी आहे असं आता तुम्हीच वहीत लिहिलंत. खोट्याला दहा गुण कापायचे. शहाऐंशीतून दहा?"

डॉक्टर कोउबा खोटा माणूस नव्हता, हीच त्याची अडचण होती. त्याने वहीच्या कोपऱ्यात वजाबाकी मांडली. मग खाली ती पुन्हा मांडली.

"शहात्तर," तो म्हणाला.

"बिनतिकीट!" हुबर्ट गरजले. वेशीत आवाज घुमला आणि दाताच्या डॉक्टरणीने खिडकी उघडून पाहिलं. "ज्या तपासनीसाकडे स्वतःचा पास नाही, त्याने केलेला दंड रद्द. कलम मी लिहिलेलं नाही, पण अडतीस वर्षं पाळलंय!"

"म्हणजे मी परीक्षक नाही," डॉक्टर सावकाश म्हणाला. प्रत्येक पायरीवर तो थांबून खात्री करत होता. "मी परीक्षक नाही, तर ही परीक्षा झालीच नाही. परीक्षा झाली नाही, तर बाई नापास झाल्या नाहीत." त्याने खिशातून तिचा बिल्ला काढून तिला दिला. मग स्वतःचा काढला आणि तो कुणाला द्यावा हे न कळल्याने शेवटी मोज्यात खोचला. "हे सगळं समितीला लिहून कळवावं लागेल मला. चौदावं पानही."

"नोकरी जाईल का हो तुमची?" बोहदानाने विचारलं. आता तिला त्याची दया यायला लागली होती.

"नाही, नाही. त्यांना हे समजून घ्यायलाच दोन वर्षं लागतील."

मिलुशाबाईंनी काठी परत घेतली आणि सरळ चालत वेस ओलांडली. बाकीचेही मागोमाग निघाले, काही सरळ, काही सवयीने उलटे. बिल्ला नसलेला डॉक्टर आता गटातलाच एक झाला होता, तो बोहदानाच्या बाजूने चालू लागला.

"एक विचारू?" तो म्हणाला. "सुचली कशी?"

बोहदाना थबकली. सव्वीस वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. कोण विचारणार? सगळ्यांच्या लेखी ती घडलेलीच होती.

"माझा नवरा," ती म्हणाली, "क्वेतोश. तरुण होतो आम्ही. त्याच्या मित्राचा नामदिन होता, म्हणजे नावाच्या संताचा सण, आणि क्वेतोश रात्रभर घरीच आला नाही. सकाळी सात वाजता मी स्वयंपाकघरात उभी, आणि दार हळूच उघडलं. आधी पाठ आत आली. डोक्यावर टोपी, तोंड बाहेर. मी म्हटलं, अरे, इतक्या सकाळी कुठे निघालास? तर तो न वळता म्हणतो, कामावर."

म्हातारे आता पायांचा आवाजसुद्धा न करता चालत होते.

"मग?" हुबर्टनी विचारलं.

"मग काय, चार स्लाइस पावाला चरबी लावली, वर कांदा घातला, डबा हातात दिला आणि पाठवला कामावर. रविवार होता."

"गेला?"

"गेला! दुपारी दोनपर्यंत नदीकाठी बसला आणि घरी येऊन म्हणाला, आज फार काम होतं. मी म्हटलं, हात धू. चार वर्षं झाली त्याला जाऊन. मला माहीत होतं हे त्याला कधी सांगितलं नाही मी. सांगायला हवं होतं."

डॉक्टरने कपाळाला आठ्या घातल्या. हिशेब कुठेतरी जुळत नव्हता. "पण मग, बाई, या गोष्टीत तुम्ही अपोलेना नाहीच. तुम्ही तर तो स्वीडिश शिपाई."

"हो ना," बोहदाना म्हणाली. "आणि तो शिपाई काही तेवढा प्यायलेला नव्हता हो."

मिलुशाबाईंनी हुबर्टचा हात काखेत घट्ट धरला, कारण पुढे दोन पायऱ्या होत्या आणि त्या त्याला दिसल्या नव्हत्या.